आतेभावाचं पिवळं कार्ड

म्वामी नाका
१३ मार्च

आदरणीय शावासाहेब,

चिपाट्याला तुमच्या दुकानात मी दोन-तीनदा येऊन गेले. गल्ल्यावरची मुलगी दर वेळी सांगते, साहेब लुसाकाला गेलेत. मागच्या अंगणात तुमची पांढरी पिकअप उभी होती. बॉनेटला हात लावून पाहिला, तर गरम. लुसाकाला तुम्ही पायी गेला असाल.

म्हणून हे पत्र. मी एस्नार्ट. तुमचा ड्रायव्हर लॅक्सन कटोंगो, त्याची बायको. म्वामीच्या सरहद्दीवरच्या फाटकाशी चहा आणि तळलेले गोड वितुंबुवा विकते ती. गरम वितुंबुवा खाताना तुमची जीभ भाजली होती आणि तुम्ही मला शिव्या दिल्या होत्या, ती मीच.

तुम्हाला कळलं असेलच, पण तुमच्याकडून काहीच उत्तर नाही, तेव्हा सगळं लिहिते. लॅक्सन तुमचा सोयाबीनचा ट्रक घेऊन लिलाँग्वेला चालला होता. मलावीत नामितेतेच्या पुढे झाकेयू नावाचे एक म्हातारेबाबा कोळशाची पोती लादलेली सायकल घेऊन पायवाटेवरून एकदम रस्त्यावर आले. लॅक्सन पळून गेला नाही. त्यांना ट्रकमध्ये घालून त्याने स्वतः दवाखान्यात नेलं. बाबा वाचले, पाय मात्र कापावा लागला.

पोलिसांनी पिवळं कार्ड मागितलं. तुम्ही दिलेलं कार्ड लॅक्सनने काढून दिलं आणि म्हणे तो निवांत झाला. आपल्या देशातला विमा फाटकापलीकडे चालत नाही, तिथे कोणाला धक्का लागला तर भरपाई ह्या कार्डावर मिळते, आणि कार्ड तर खिशात आहे. दोन दिवसांनी निरोप आला की कार्डाचा नंबर कासामाच्या कुठल्याशा मिनीबसचा आहे. तुमच्या ट्रकचं कार्ड कोणी कधी काढलेलंच नाही. आता झाकेयूबाबांना भरपाई नाही, आणि खोटं कार्ड बाळगलं म्हणून लॅक्सन मचिंजीच्या तुरुंगात आहे.

मी तुम्हाला दोष देत नाही. काहीतरी गफलत झाली असेल. तुम्ही फक्त एकदा या आणि कार्ड मालकाने दिलं होतं एवढं तिथल्या साहेबांना सांगा. बाकी काही मागत नाही. भेटीचा दिवस शनिवार. लॅक्सन दर शनिवारी कोणाचं तरी ब्लेड मागून दाढी करतो. मी म्हटलं, कशाला? तर म्हणतो, "आज बॉस येतील. त्यांच्यासमोर असं कसं उभं राहायचं?"

आईंना नमस्कार सांगा.

एस्नार्ट कटोंगो

म्वामी
२२ मे

शावासाहेब,

तुम्ही मचिंजीला आलात! लॅक्सनला भेटायला नव्हे, पोलिसांना भेटायला. मंगळवारी आलात, शनिवार टाळून.

तुमचा जबाब मला वाचून दाखवला. "मी ड्रायव्हरला पैसे दिले होते. कार्ड त्यानेच आणलं. कुठून आणलं मला काय माहीत?" वाचणाऱ्या हवालदारालाच लाज वाटली. तो म्हणाला, "बाई, तुमच्या नवऱ्याकडे पावती असेल ना?" मी म्हटलं, "मालक कार्ड हातात देतो तेव्हा तुम्ही पावती मागता का?"

साहेब, तुमचे सगळे ड्रायव्हर माझ्याकडे चहा पितात, आणि चहाबरोबर बोलतातही. तुमच्या प्रत्येक ट्रकमध्ये तेच एक कार्ड आहे, त्याच मिनीबसचं. झेरॉक्सवाल्या पोराने पिवळ्या कागदावर छापून दिलंय म्हणे, नुसता गाडीचा नंबर बदलून. त्या बिचाऱ्या मिनीबसने अजून कासामाची वेस ओलांडलेली नसेल, आणि कागदावर मात्र ती निम्मी आफ्रिका फिरून आली. हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण साक्षीला कोणी उभं राहत नाही. नोकरी तुमची, घरात पोरंबाळं. त्यांना मी काय म्हणू?

आणखी एक सांगते, हे तुम्हाला नक्कीच माहीत नसेल. तुमच्या घरातलं एक माणूस लॅक्सनला भेटून गेलं. तुमच्या आई. एवढ्या म्हाताऱ्या, पण भाड्याच्या सायकलमागे बसून फाटक ओलांडून गेल्या. मला फाटकाशी पाहिलं आणि तुम्ही न्गोनी आम्हा बेंबांना चिडवता तसं म्हणाल्या, "काय गं माकडखाऊ, तुझा नवरा पकडला म्हणे. माकड चोरलं का कोणाचं?"

मी म्हटलं, "आजी, तुमच्या पोराने आमचं माकड पकडून दिलंय."

त्या हसल्या नाहीत. कमरेला गुंडाळलेल्या चितेंग्याच्या गाठीतून पुडकं काढलं. भाजलेले उंदीर होते, तुमच्या गावचे, मीठ लावलेले. मीही बरोबर गेले. तुरुंगात त्यांनी ते लॅक्सनसमोर धरले आणि म्हणाल्या, "तोंड उघड." आम्ही बेंबा माणसं उंदराला शिवत नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. लॅक्सनने तोंड उघडलं आणि सगळे खाल्ले. तिथे दिवसातून एकदा मक्याच्या न्सिमाचा गोळा आणि पाणीदार कडधान्य मिळतं, त्यात रांगेत मागे उभं राहणाऱ्याला नुसतं पाणी. खाताना तो रडत होता आणि हसत होता, आणि आजी म्हणत होत्या, "बघा, बघा, आता झाला हा न्गोनी!"

निघताना मला म्हणाल्या, "झेब्रोनला मी सांगते." सांगितलं का त्यांनी? तुम्ही आईचंही ऐकलं नाहीत का?

तर आता नातं लक्षात ठेवा. तुम्ही न्गोनी, आम्ही बेंबा. आपले खापरपणजे एकमेकांच्या पोटात भाले खुपसत होते. मग दमले आणि एकमेकांचे आतेमामे भाऊ झाले. तेव्हापासून आपण एकमेकांना वाट्टेल ते बोलतो, मयताच्या घरीसुद्धा, आणि चिडायची मुभा कोणालाच नाही. मी आजवर तुम्हाला साहेब म्हणत आले. ते आजपासून बंद.

मी कोर्टात जाणार नाही, वकील मला परवडत नाही. मी आपली इथे फाटकाशी बसले आहे. तुम्हाला पलीकडे जायचं तर माझ्यासमोरूनच जावं लागेल.

तुमची मामेबहीण,
एस्नार्ट

म्वामी
१४ ऑगस्ट

आतेभाऊ,

मक्याच्या पिठाचं पोतं मिळालं. बरोबरचा निरोपही मिळाला, की एस्नार्टने आता जरा तोंड आवरावं.

पीठ छान होतं, पांढरंशुभ्र. त्याची मोठ्या हंड्यात न्सिमा केली, हिरव्या पाल्याची भाजी केली, आणि तुमच्या ड्रायव्हरांना फाटकाशी बसवून वाढली. प्रत्येकाला सांगितलं, पोटभर खा, ही लॅक्सनची किंमत आहे, साहेबांनी पाठवलीय.

सगळे हात धुऊन बसले होते, पण घास कोणाच्याच तोंडात जाईना. मग तुमच्या बहिणीचा मुलगा वेडसन, जो तुमची पिकअप चालवतो, तो म्हणाला, "मावशी, उद्या मलाच असं काही झालं तर मामा काय म्हणतील?"

मी म्हटलं, "मला काय विचारतोस? मामांना विचार."

त्याने विचारलंय का? नसेल. घाबरट आहे पोरगा. पण त्या दिवसापासून माझ्याकडे येतो, चहा घेतो आणि न पिता निघून जातो.

लॅक्सनला तुरुंगात खरूज झाली आहे. दाढी मात्र अजून करतो. काल मी त्याला सांगून टाकलं, बॉस येणार नाहीत, पुरे झालं. तो माझ्यावर चिडला. इतक्या वर्षांत कधी चिडला नव्हता. तुमच्यावर त्याचा विश्वास होता, शावा, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचा येतो. बाबांच्या पायाचं कळतं, तो गेला की गेला. पण ह्या माणसाने दर शनिवारी तुमच्यासाठी गाल खरवडून घेतले, त्याचं मी काय करू?

एस्नार्ट

म्वामी
११ ऑक्टोबर

प्रिय आतेभाऊ झेब्रोन,

आई गेल्याचं कळलं. फार वाईट वाटलं, आणि हे मनापासून लिहिते आहे, ह्यात काही वाकडं शोधू नका.

त्यांना मचिंजीकडे माहेरच्या गावी, त्यांच्या आईशेजारी पुरणार असं ऐकलं. त्यांची इच्छाच होती, मलाही बोलल्या होत्या. म्हणजे मयत फाटकातून जाणार. बायकांच्या बसेस, तुमचे दोन ट्रक आणि पुढे पिकअपमध्ये आई, असं वेडसन म्हणाला. गाड्यांना झाडाच्या फांद्या बांधा. नाक्यावरचे लोक फांद्या पाहिल्या की मयताची गाडी कधी अडवत नाहीत, कागद मागत नाहीत. हे तुम्हाला माहीत असेलच.

मयताला आतेमामे भावंडांनी यायचं असतं. नात्याचं जे काम आहे ते मी करीन. फाटकावर भेटू.

एस्नार्ट

म्वामी
१७ ऑक्टोबर

झेब्रोन शावा,

एस्नार्टने तुमच्या आईच्या प्रेताची विटंबना केली, असं तुम्ही लोकांना सांगत फिरता आहात असं कळलं. तेव्हा जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. ह्याची एक नक्कल तुमच्या आईच्या थोरल्या भावाकडे, थोरल्या मामांकडे देते आहे. त्यांनी वाचावं आणि मी एक शब्द जरी खोटा लिहिला असेल तर मला बोलवावं.

गाड्या आल्या तेव्हा उन्हाने डांबर मऊ झालं होतं. मी पुठ्ठ्याची टोपी केली होती, हातात वितुंबुवा काढायचा झारा. पिकअपसमोर आले आणि ओरडले, "थांबा! म्वामी नाका! माकडखाऊ पोलीस!" आणि रस्त्यावर आडवी झाले. सगळ्या बस हसल्या. तुम्हीसुद्धा हसलात. कोणाच्याही मयताला आम्ही बेंबा हेच करतो, आणि आमच्या मयताला तुम्ही न्गोनी करता. पेटी अडवायची, थट्टा करायची, काहीबाही घेतल्याशिवाय सोडायची नाही. आजी असत्या तर त्यांनीच मला खुणावलं असतं की अजून जरा ताण.

तुमच्या मावशीने एक नोट दिली. त्या नोटेने मी वारा घेतला आणि पुन्हा आडवी झाले. तुम्ही खाली उतरलात.

"आता आणखी काय हवं, माकडखाऊ?"

"पिवळं कार्ड दाखवा, उंदीरखाऊ. परदेशात चाललाय."

तुम्ही हसत हसत पिकअपमधून कार्ड काढून दिलंत. नाही म्हणायचंही तुम्हाला सुचलं नाही, इतकी सवय झालीय. मी कार्डाचा नंबर मोठ्याने वाचला आणि म्हटलं, "अगं बाई! ही तर कासामाची मिनीबस! आजी, तुम्ही मिनीबसमध्ये बसल्यात होय? किती माणसं कोंबली ह्यांनी?"

बायका पोट धरून हसल्या. मग मी विचारलं, "हे कार्ड आणलं कोणी? मालकाने की ड्रायव्हरने?"

आणि तुम्ही म्हणालात, "ड्रायव्हरने! मला काय माहीत? त्याला विचार!"

एवढं काही मी ठरवलेलं नव्हतं, झेब्रोन. तुम्हाला अडवून, पेटी समोर असताना खरं वदवून घ्यायचं, इथवरच माझी अक्कल चालली होती. ते वाक्य तुम्ही स्वतःहून माझ्या हातात दिलंत. जबाबातलं वाक्य, जसंच्या तसं. ड्रायव्हरच्या जागी वेडसन बसला होता.

त्याने गाडी बंद केली.

"मामा, मी आणलं?"

"अरे, थट्टा चाललीय. सुरू कर गाडी."

"लॅक्सनदादाची पण थट्टाच केली होती का?"

किल्ली काढून तो खाली उतरला आणि माझ्या शेजारी डांबरावर येऊन बसला. मग मागच्या ट्रकवाल्याने गाडी बंद केली. त्याच्या मागच्याने केली. बसवाल्यांना काही कळलं नव्हतं, पण त्यांनीही बंद केल्या.

तुम्ही नोटा काढल्यात. मग पोलिसांना बोलवायची धमकी दिलीत, आणि फाटकाच्या अलीकडचे आपले पोलीस तर दारातच उभे होते, ऐकत होते. मलावीचे इन्स्पेक्टरसाहेब माझ्याच दुकानातला चहा हातात घेऊन पलीकडून आले. तुमच्या दोन भावांनी मला उचलायला हात पुढे केले. तेव्हा थोरले मामा काठी टेकत आले आणि म्हणाले, "तिला हात लावायचा नाही. आपलं तिचं नातं आहे. झेब्रोन, तिला उत्तर दे आणि माझ्या बहिणीला घेऊन चल."

तुम्ही माझ्या कानाशी वाकलात. "एस्नार्ट, आईला ऊन लागतंय गं."

मी म्हटलं, "लॅक्सनला पण लागतं."

हे मी बोलले. ह्याची मला लाज नाही. पेटीकडे मात्र मला बघवत नव्हतं, तेवढं कबूल करते.

मग तुम्ही बोललात. पहिल्यांदा पुटपुटलात. मी म्हटलं, मोठ्याने बोला, पलीकडच्या साहेबांना कमी ऐकू येतं. तेव्हा म्हणालात, "मी आणलं. सगळी मीच छापून घेतली. लॅक्सनलाही मीच दिलं. त्याला काही माहीत नव्हतं."

ह्यावर मात्र कोणी हसलं नाही. मावशीने तोंडात चितेंग्याचं टोक कोंबलं.

ही झाली तुमची विटंबना. आता पुढचं सांगते, जे तुम्ही लोकांना सांगत नाही. मी उठले, चितेंग्याची गाठ सोडली आणि वेडसनच्या हातात एक पिवळं कार्ड दिलं. तुमच्या पिकअपचं, खरं, आदल्या दिवशी नाक्यावरच्या विमा कचेरीतून काढलेलं. गाडीच्या काचेवरच्या विम्याच्या चकतीवरचा नंबर वेडसनकडूनच मागून घेतला होता. वितुंबुवा विकून आणलेलं कार्ड होतं ते. तुमच्या आईची गाडी खोट्या कार्डावर फाटक ओलांडणार नव्हती. लॅक्सनला त्यांनी जेवू घातलं होतं.

त्या पलीकडे गेल्या त्या माझ्या कार्डावर. हे विसरायचा प्रयत्न करून बघा.

एस्नार्ट कटोंगो

म्वामी
८ जानेवारी

माझ्या उंदीरखाऊ आतेभावाला,

तुमचं पत्र मिळालं. मचिंजीच्या तुरुंगातून पत्र कसं येतं ते मला माहीत आहे, पाकिटाला तोच वास असतो. इन्स्पेक्टरसाहेबांनी तुम्हाला आईला माती देऊ दिली आणि मगच हात धरला, ही त्यांची माणुसकी. तुमचा ट्रक विकून झाकेयूबाबांना भरपाई द्यायची असं कोर्टाने ठरवलंय, तेही बरं झालं.

तुम्ही लिहिलंय, "आता तुझा सूड पुरा झाला, लॅक्सन घरी आला, थोरल्या मामांना सांगून हे प्रकरण मिटव."

लॅक्सन घरी आला आहे. परसात जायचं असलं तरी आधी माझी परवानगी मागतो. भात असो न्सिमा असो, ताट छातीशी धरून भराभरा गिळतो. वेडसनने त्याला नव्या मालकाकडे काम बघून दिलं, पण गाडीची किल्ली हातात आली की तो ती परत खुंटीला अडकवतो. काल शनिवार होता. सकाळी उठून त्याने दाढी केली. मी विचारलं, "कुठे निघालास?" तो आरशासमोर नुसता उभा राहिला.

आणि तुम्ही मला विचारता, पुरा झाला का?

तुमची बायको तिकडे फिरकत नाही असं ऐकलं. तिला ते बघवत नाही म्हणे. भाऊ धंद्यात गुंतले आहेत. म्हणजे न्सिमाच्या रांगेत तुम्ही मागेच उभे राहत असणार, नव्या माणसाला कोणी पुढे जाऊ देत नाही.

तेव्हा ठरवलंय. येत्या शनिवारी मी येते. उंदीर आणते, आजींच्या गावचे, मीठ लावून भाजलेले. लॅक्सन म्हणाला, नको जाऊस. मी म्हटलं, नात्याचं काम आहे. सगळ्यांसमोर मी तुमच्या तोंडात घास देणार, विचारणार की माकड कोणी चोरलं, आणि अख्खी बराक हसणार. तुम्हालाही हसावं लागेल, आतेभाऊ. चिडायची मुभा आपल्या नात्यात नाही.

त्याच्या पुढच्या शनिवारीही येईन, आणि त्याच्याही पुढच्या. लॅक्सनने तुमची जितके शनिवार वाट पाहिली, तितके शनिवार मी येणार. एकही चुकवणार नाही.

दाढी करून तयार राहा.

तुमची मामेबहीण,
एस्नार्ट